कोरी झाडं

बुंधा इतका रुंद होता की तिला एकटीला टेप गुंडाळता येईना. एक टोक धरून ती दुसरा हात पलीकडे ताणत होती, गाल ओल्या सालीला घासत होता... आणि तेवढ्यात पलीकडून कुणीतरी दुसरं टोक अलगद हातात घेतलं.

“धरू की सोडू?”

“धरा धरा! अगदी देवासारखे आलात!”

माप घेऊन, बुंध्याला वळसा घालून ती पुढे आली, तर देवाच्या हातात लाल रंगाचा डबा! लाकूड कंपनीचा, झाडांवर खुणा करणारा माणूस. हा ज्या झाडाला लाल कडं काढणार, ते झाड कापून कागदाच्या कारखान्यात जाणार. तिचा चेहराच उतरला.

“आता सोडा,” ती म्हणाली.

“टेप... की झाड?”

हसू दाबताना तिची तारांबळ उडाली.

पुढे ही तारांबळ रोजच उडू लागली. कंपनीला डोंगराचा तो उतार हवा होता, जुन्या झाडांची नोंद ठेवून तोड थांबवू पाहणाऱ्या तिच्या मोहिमेला तो वाचवायचा होता, म्हणून दोघांच्या वाटा एकाच झाडीतून जायच्या. ती त्याला ‘रंगारी’ म्हणायची, तो तिला ‘टेपबाई’. पाऊस भुरभुरला की दोघं एकाच झाडाखाली उभी राहायची. तो डबा पाठीमागे लपवायचा, आणि ती तो दिसलाच नाही असं दाखवायची.

“ओढ्यावरची जुनी झाडं... तेवढी तरी सोडाल?” एकदा तिनं विचारलं.

“टेपबाईंनी मागावं आणि रंगाऱ्यानं नाही म्हणावं, असं झालंय कधी?”

“थट्टा नको ना.”

त्यानं डबा खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, “सोडली. माझ्यावर सोपवा.”

त्या दिवशी ती तरंगतच घरी आली. मोहीम मावशीच्या स्वयंपाकघरातून चालायची. फलक, निवेदनं, भांडणं, सगळं तिथंच. मावशीनं भाचीचा चेहरा बरोबर ओळखला.

“कंपनीचा माणूस आहे गं तो. गोड बोलेल आणि केसानं गळा कापेल.”

प्रेमात पडलेल्या मुलींना असलं काही ऐकू येत नाही म्हणतात. हिला मात्र आलं, आणि ते मनात घर करून बसलं.

कंपनीनं रंगाऱ्याला काही दिवस दुसऱ्या जंगलात पाठवलं. ओढ्यावरची झाडं त्यानं शब्द दिल्याप्रमाणे कोरी ठेवली होती. पण ती कोरी झाडं हिला उघडी, निराधार वाटली. मोहिमेचा पिवळा रंग घेऊन ती गेली आणि एकेका म्हाताऱ्या बुंध्याला स्वतःच्या हातानं कडं काढून आली... ही आमची, हात लावू नका.

कापणाऱ्या टोळीला मात्र एकच माहीत असतं. कडं दिसलं की कापायचं, कोरं दिसलं की सोडायचं. रंग कोणता, ते कोण बघतंय? लाल कड्यांची झाडं गेली, त्यांच्यापाठोपाठ पिवळ्या कड्यांचीही गेली. मावशी माणसं घेऊन पोहोचली तेव्हा सगळा उतार आडवा झाला होता.

रंगारी कळताच धावत आला. ओंडक्यांवरची पिवळी कडी बघून त्यानं एका कड्यावरून बोट फिरवलं.

“कोरं ठेवणं म्हणजेच राखणं असतं आमच्यात... मी सांगायला हवं होतं.”

“मी विचारायला हवं होतं.” ती म्हणाली. “तुम्ही सोपवा म्हणालात... आणि मी नाही सोपवलं.”

“प्रेम आहे माझं तुमच्यावर,” तो म्हणाला. एरवी त्यानं त्यात काहीतरी खट्याळपणा घातला असता. “नोकरी सोडून आलोय. चला माझ्याबरोबर.”

“माझंही आहे. खूप आहे.” ती रडत होती. “पण तुम्ही समोर आलात की मला हेच दिसत राहणार. मीच मारलं त्यांना... नाही जमणार मला.”

त्यानं हात पुढे केला... आणि मागे घेतला. मग तो उतार उतरू लागला.

पूर्वी पहिल्याच वळणाला तो झाडीत दिसेनासा व्हायचा. आज आडोसा म्हणून कुठे उरलाच नव्हता. तिला मान वळवणं सुचलं नाही, आणि पार खालच्या रस्त्याला लागेपर्यंत तो तिला दिसतच राहिला.