सोड म्हणेपर्यंत

चाकणला नाशिक रस्त्यावर माझं गॅरेज. गॅरेज म्हणजे काय, चार बांबू आणि वर पत्रा. सन छप्पन्नच्या उन्हाळ्यात कांद्याचे व्यापारी रंगराव यांची लढाईतली जुनी जीप मी त्यांच्याच अंगणात दुरुस्तीला घेतली. लेक रंभा बाळंतपणाला आलेली, पोर आडवं. सुईणीनं हात टेकले होते. तिला पुण्याला न्यायचं, आणि जीपला ब्रेक नव्हता.

याच ब्रेकपायी महिन्यापूर्वी त्यांचा ड्रायव्हर सोनबा गेला होता. मोशीच्या उतारावर ब्रेकचं पॅडल पायाखालच्या फळीला टेकलं, ब्रेक लागलाच नाही. समोरची बैलगाडी वाचवायला त्यानं जीप बांधावर घातली. तेव्हापासून रंगरावांना जीपकडे बघवत नव्हतं.

ब्रेकला तेल पुरवणारा मास्टर सिलिंडर नवा घातला. नवा म्हणजे लष्करानं विकून टाकलेल्या डिस्पोजलच्या मालातला, बरीच वर्षं पडून राहिलेला. दुसरा मिळणार कुठून? मग नळ्यांतली हवा काढायची. हे दोघांचं काम. गाडीखालचा म्हणतो "दाब". वरचा पॅडल दाबून म्हणतो "धरलं". खालचा चाकामागचा नट सैल करून हवा काढतो, पुन्हा आवळतो आणि म्हणतो "सोड". तोवर पाय उचलायचा नाही. सोनबा यात पक्का. मांडीला गोळे आले तरी हलायचा नाही. "सोड" म्हटलं की आधी "जी" म्हणायचा, मग पाय काढायचा.

मी चेष्टा करायचो, "सोनबा, मी न सांगता जेवायला गेलो तर?"

"बसंन की, मालक."

आज पॅडलवर रंगराव होते. तीन चाकं झाली. चौथ्याशी मी उताणा.

"दाब."

"धरलंय जी."

आवाज दबका होता. म्हटलं, बिचारे भेदरलेत. तेल स्वच्छ आलं, एक बुडबुडा नाही. नट आवळला, तोच घरातून छबूबाईंचा, म्हणजे रंगरावांच्या बायकोचा गलका उठला. मी घाईनं बाहेर आलो. नवराबायको रंभाला धरून घरातून येत होती.

"रंगराव, तुम्ही कधी उठलात?"

"मघाच. तिसरं चाक झालं अन् हिनं हाक मारली."

सीट रिकामी होती. मग "धरलंय" म्हणालं कोण? पण बोलायला वेळ कुणाला होता? रंगराव चालवायला बसले आणि जीप गेली.

सकाळी निरोप आला. रंभा सुटली, मायलेक सुखरूप. पण जीप मोशीच्या उतारावर अडली आहे, या.

रंगराव पुण्याहून परतून जीपपाशी बसले होते, डोळे लाल.

"मारुतराव, हितं आलो अन् पॅडल गेलं फळीला. मागं पोरगी, खाली नदी. म्हटलं, संपलं. अन् गाडी आपली आपण थांबली. आमी दुसऱ्या गाडीनं गेलो. ही तवापासून हलंना."

सिलिंडरचं टोपण काढलं. आत थेंब नव्हता. वाळकं रबर फाटून सगळं तेल रस्त्यावर सांडलं होतं. हातब्रेक सुटा, गिअर सुटा. दोघांनी जोर लावला. चाकं गच्च.

आत वाकलो. पॅडल फळीला टेकलेलं. हातानं ओढलं, येईना.

तेव्हा आठवलं. मी "सोड" म्हणालोच नव्हतो.

चाकांपुढे दगड लावले. रंगरावांना बाजूला केलं.

"सोनबा, पोहोचली रे पोरगी. आता सोड."

काही हललं नाही.

मग ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटवरून, हळूच.

"जी."

पॅडल सावकाश वर आलं, आणि जीप दगडांना टेकली.