कोपऱ्यातल्या झाडाची माती

‘जंतू कुठला?’ हा प्रश्न त्या काळात ‘ताप किती?’ इतकाच साधा झाला होता.

चहाच्या टपरीवरसुद्धा लोक तसेच बोलत. कुणाच्या कानातला जंतू शेजारच्या तालुक्यातल्या कोंबड्यांच्या शेडमधून आलेला निघे, तर कुणाचा थेट समुद्रापलीकडून. हे कळे ते मूळवाचनामुळे. जंतूच्या पोटात त्याचा सगळा मजकूर जनुकांच्या रूपात लिहिलेला असतो. जंतू वाढतो तेव्हा त्या मजकुराची नक्कल होते आणि नकलेत एखादे अक्षर चुकते. ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरते. या चुकांचा माग उलटा काढत गेले की जंतू कुठून कुठे फिरला आणि औषधाला न मरण्याची विद्या तो कोणत्या ठिकाणी शिकला, हे सांगता येते. आधी जिल्ह्यापर्यंत माग लागे, मग गावापर्यंत. आता तो बांधापर्यंत येऊन पोचला होता.

माणदेशातल्या खडकमळ्याच्या उज्ज्वला गेजगेचा गुडघा सुजला, तेव्हा तिला मिरजेला नेले सोमनाथ येलपले यांनीच, स्वतःच्या गाडीतून. उज्ज्वला तिथल्या सगळ्या बागांत छाटणीच्या बायकांची टोळी चालवायची. छाटताना डाळिंबाचा काटा गुडघ्यात मोडला. तिने तो टाचणीने उकरून काढला, वर हळद दाबली आणि कामाला लागली. महिनाभराने गुडघा भोपळ्यासारखा झाला.

सोमनाथ आण्णांचा त्या भागात मोठा मान होता. डाळिंबाला तेल्या नावाचा रोग पडतो. फळावर तेलकट काळे डाग येतात, फळ तडकते आणि हातची बाग जाते. आण्णांच्या बागेत तेल्या कधी टिकला नाही. लांबलांबचे शेतकरी त्यांच्या बांधावर बसून त्यांचे ऐकत. बहार कधी धरायचा, पाणी कधी तोडायचे, ते आण्णांनी सांगावे आणि लोकांनी मान डोलवावी.

रुग्णालयात डॉ. नाझनीन मुजावर यांनी त्यांना खोलीत बोलावले.

‘‘काका, हा काटेजंतू आहे. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, ते राहू द्या. हा पानावर राहतो, माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. काट्याबरोबर सांध्यात शिरला तरच. पूर्वी साध्या औषधानं मरायचा.’’

‘‘मग आता काय झालं?’’

‘‘याला एकही औषध लागू पडत नाही. माणसाची आठ औषधं पचवून बसलाय. झाडावरच्या जंतूला माणसाची औषधं कुणी शिकवली?’’

आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

‘‘घाबरू नका, उपाय आहे,’’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘‘जंतूंनाही रोग होतो. जंतू खाणारे विषाणू असतात, आम्ही त्यांना जंतुखाऊ म्हणतो. जंतू जिथं तयार झाला त्याच मातीत त्याला खाणारेही तयार होतात. तो एक युक्ती शिकला की हे त्यावरची दुसरी शिकतात. पिढ्यान्‌पिढ्या दोघांची झुंज चाललेली असते. म्हणून ती माती हवी.’’

‘‘आन मूळ कुठलं लागलंय?’’

‘‘खडकमळा. तुमची धरून बांधाला बांध लागून तीन बागा आहेत ना, त्यांपैकी एक. तिन्ही बागा चाळायला आठवडा लागेल. उज्ज्वलाकडे एवढे दिवस नाहीत. जंतू रक्तात उतरला तर पाय मांडीपासून काढावा लागेल. कुणी कुठं औषध ओतलं, एवढं कुणीतरी सांगायला हवं.’’

दाराशी गावची दोन-चार माणसे उभी होती. त्यांच्यातला एक लगेच म्हणाला, ‘‘त्यात विचारायचं काय? शेजारच्या बाबराची बाग. दरसाल तेल्या असतोय त्याच्याकडं. त्यानंच ओतलं असणार कायबाय. आण्णांच्या बागंत तेल्याच न्हाई, त्यांना औषध कशाला लागतंय?’’

सगळे हसले. डॉक्टरबाईंनी आण्णांकडे पाहिले.

‘‘बाबरांकडं बघा आधी,’’ आण्णा म्हणाले.

त्यांच्या तोंडून शब्द गेले. मागे घेता येण्यासारखे होते, कारण ऐकणारी माणसे अजून तिथेच होती. त्यांनी घेतले नाहीत.

बाबराच्या बागेत रुग्णालयाची माणसे गेली. भाऊसाहेब बाबर हात जोडून सांगत राहिला, ‘‘माज्याकडं पैका कुठाय औषधाला? तेल्या पडतोय त्यो उगंच का?’’ त्याचे म्हणणे बरोबर होते. ज्याच्या बागेत रोग मरत नाही त्याने औषध मारलेले नसते. हे साधे गणित होते, पण गावाला ते उलटे दिसत होते. बाबराच्या पोराला शाळेत कुणी शेजारी बसू देईना. मातीत काहीच सापडले नाही. त्यात दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आण्णा उज्ज्वलाच्या खाटेपाशी गेले. तिचा गुडघा पोत्याएवढा दिसत होता. तापात तिचे डोळे लाल झाले होते.

‘‘आण्णा, तुम्ही अजून हितंच?’’ ती म्हणाली. ‘‘जावा की घरी. वैनी वाट बघत असतील. माज्या पायी तुमची बाग तशीच पडलीय.’’

आण्णा तिथून उठले ते थेट डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले. खुर्चीवर बसले नाहीत.

‘‘माती माज्या बागंतली न्या. ईशान्येचा कोपरा. शेवटचं झाड.’’

डॉक्टरबाई लिहिता लिहिता थांबल्या.

‘‘बागेला जंतूचं औषध मारायला बंदी आली,’’ आण्णा भिंतीकडे बघून बोलत होते. ‘‘तवापासनं मी माणसांच्या कॅप्सुला आणायचो. मुदत गेलेल्या. दर खेपेला मिळंल तशा, तीन-चार जातीच्या. फोडायच्या, पाण्यात कालवायच्या, पहाटं मारायचं. तेल्या जायचा. लोकांना सांगायचो, चुना आन राखंचं पाणी मारतो म्हणून. पंपात दोन-तीन लिटर उरायचं. वाया कशाला घालवायचं म्हणून त्या कोपऱ्यातल्या झाडाच्या बुडात ओतायचो. पंपही तिथंच धुवायचो. एकच झाड. वीस साल.’’

‘‘वीस वर्षं,’’ डॉक्टरबाई हळू म्हणाल्या. फवाऱ्यातल्या दाट औषधाने पानांवरचे जंतू मरत. पण बुडातल्या मातीत ते पातळ होऊन पोचत असे. जंतू मरेल इतके नाही, फक्त शिकेल इतके. दर फवारणीला नवा धडा. त्या एका झाडाखाली आण्णांनी नकळत शाळा भरवली होती, आणि तिथून बाहेर पडलेला जंतू पावसाच्या शिंतोड्यांबरोबर बुडातून फांदीवर, फांदीवरून काट्यावर चढला होता.

‘‘हे परवा का नाही सांगितलंत?’’

आण्णांनी टोपी हातात चुरगाळली. ‘‘लाज वाटली.’’

डॉक्टरबाईंनी फोन उचलला.

माती आली. त्या ओंजळभर मातीत जंतुखाऊ इतके होते की प्रयोगशाळेतल्या काचेच्या तबकडीवरचा जंतूंचा पांढरा थर सकाळपर्यंत चाळणीसारखा भोकाभोकाचा झाला. ते निवडून, गाळून, शुद्ध करून उज्ज्वलाच्या सांध्यात आणि रक्तात सोडले. ताप उतरला. पाय वाचला. गुडघा मात्र कायमचा ताठ झाला. सांध्यातली कूर्चा शेवटच्या दोन दिवसांत झिजून गेली, असे डॉक्टरबाईंनी सांगितले, आणि सांगताना त्यांनी आण्णांकडे पाहायचे टाळले.

गावाला कळायचे ते कळले. आण्णा बाबराच्या दारात गेले, तेव्हा तो म्हणाला, ‘‘या, बसा,’’ आणि स्वतः उठून मागच्या दाराने रानात निघून गेला. आण्णा ओसरीवर बराच वेळ एकटे बसले. घरातून कुणी पाणीसुद्धा विचारले नाही.

परत येऊन त्यांनी कुऱ्हाड काढली. कोपऱ्यातले झाड मुळासकट उपटून जाळायचे, एवढे एकच त्यांच्या डोक्यात होते. पण त्याच दिवशी डॉक्टरबाई खडकमळ्याला आल्या.

‘‘झाडाला हात लावू नका, काका.’’

‘‘का? आनखी कुणाच्या गुडघ्यात काटा जाऊ द्यायचाय?’’

‘‘गेलाय. तुमचा जंतू आता अकरा रुग्णालयांत आहे. फळांच्या पेट्यांतून गेला, रोपांतून गेला, छाटणीच्या कात्र्यांतून गेला. मूळवाचन सगळीकडे याच झाडापाशी येऊन थांबतं.’’

‘‘मग तुमच्याकडं हायत की जंतुखाऊ. बाटलीत भरून ठेवलेत.’’

‘‘बाटलीतले बाटलीतल्यासारखेच राहतात. बाहेर जंतू रोज बदलतोय. दोन महिन्यांनी बाटलीतले त्याला ओळखत नाहीत. फक्त या मातीत दोघं बरोबरीनं पळतात. इथला जंतू जगला तर त्याचे जंतुखाऊ जगतील.’’ त्यांनी झाडाच्या बुडाकडे बोट दाखवले. ‘‘आणि औषध मिळेनासं झालं की इथला जंतू विद्या विसरतो. ते ओझं तो फुकट बाळगत नाही. साधे जंतू त्याला मागे टाकतात. मग आपल्याला हवे असलेले जंतुखाऊही संपतात.’’

आण्णांनी कुऱ्हाड खाली टेकवली.

‘‘म्हंजे मी परत ओतायचं?’’

‘‘सरकार परवानगी देतंय. औषधही सरकारच पुरवेल. मुदतीतलं.’’

‘‘आन नवा जंतू उठला तर?’’

‘‘उठेल कदाचित,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्याचा उपायही इथंच उठेल, अशी आशा आहे.’’

त्यानंतर माणसे येऊ लागली. रुग्णालयाची गाडी माती नेई, तरी बरे झालेले लोक स्वतः येत. नांदेडची एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली आणि आण्णांच्या पायांवर वाकली. आण्णा मागे सरकता सरकता बांधावरून घसरले. ‘‘नको, माझे आई, नको,’’ ते म्हणत राहिले. तिला वाटले, माणूस विनयी आहे.

वयाने हात थरथरू लागले तेव्हा आण्णांनी जोडीला माणूस मागितला. कुणी येईना. शेवटी उज्ज्वला आली, ताठ पाय आडवा टाकत. छाटणीला तिला आता कुणी बोलवत नव्हते.

‘‘तू कशाला, उजे?’’

‘‘सरकारी पगार हाय म्हणत्यात. मला बसून करायचं काम पायजेल.’’

आण्णांनी खूप दिवस मनात घोळवलेले बोलायला तोंड उघडले. ‘‘उजे, त्या दोन दिवसांत मी...’’

‘‘ठाऊक हाय मला,’’ ती मध्येच म्हणाली. ‘‘बाबराची माती नेली, ते ऐकत पडले होते मी. माज्यासमोर येऊन बसला होता तुम्ही. मी तुम्हांला घरी जा म्हणत होते.’’ तिने बादली पुढे ओढली. ‘‘आता ते काढू नका. किती कालवायचं तेवढं सांगा.’’

आण्णांनी औषधाचे पाकीट फोडले. आजवर बहारापासून काढणीपर्यंत शेतीतले सारे काही त्यांनी शेकडो लोकांना मान ताठ ठेवून शिकवले होते. आता ते बादलीत बघत तिला माप सांगू लागले. जंतू मरेल इतके नाही, शिकेल इतकेच.