सांगून निघाचं!

"कोन हाय थे लाइन तोडनारी बाई?"

टेलिफोन एक्स्चेंजच्या खिडकीत एक उंच, धुळीनं माखलेला माणूस ओरडत होता. अकोल्याच्या ट्रंक बोर्डावर त्या दुपारी मी एकटीच होते. म्हणजे ती बाई मीच! कानावरचा हेडफोन काढला आणि तरातरा खिडकीशी गेले.

"मीच. विमल. तुमी कोन?"

"शालिकराम. गुरायचा डॉक्टर. बुळकांडीनं ढोरं मरून राहिले, अमरावतीहून ऑफिसचा फोन होता मले, अन् तुमी—"

"अन् मी काय? बाळापूरले लाइन लावली, त साहेब तेल्हाऱ्याले निघालेले. तेल्हाऱ्याले लावली, त तिथं पोचलेच नाई! मी काय जीपच्या मांगं धावू?"

तो मिशीत हसला. भांडणात हसणाऱ्या माणसाचा मला आणखीच राग येतो.

"मंग करू काय मी?"

"सांगून निघाचं! कुठून निघाले, कुठं चालले. तुमी पोचाच्या आत मी तिथली लाइन लावून ठेवीन."

तेव्हापासून तो खरंच सांगू लागला. "विमलबाई, बाळापूर सोडून राहिलो." मी लगेच तेल्हाऱ्याला कळवायची. जीप दवाखान्याच्या दारात थांबते न थांबते तोच आत अमरावतीचा फोन घणघणायचा. एकही कॉल हुकला नाही.

पुढे तर काम नसतानाही फोन यायचा.

"तेल्हाऱ्यातच हावो. कुठंच नाई चाललो."

"मंग फोन काहून केला?"

"तुमी रागावता ना... आयकाले बरं वाटते."

मी खाडकन प्लग उपटला, आणि दिवसभर गुणगुणत बसले. मला तो आवडला होता, झालं!

एकदा मी मुद्दामच सांगितलं, की घरी माझ्या लग्नाचं बोलणं चाललंय. "असं का..." एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. आठवडाभर नुसती धुमसत होते. भित्रा मेला!

अशातच अमरावतीच्या ऑफिसचा तातडीचा कॉल आला. बाळापूरला लावलं, नाही. तेल्हाऱ्याला लावलं, तर तिथला शिपाई म्हणाला, "सायेब त सकायीच भातकुलीले गेले."

भातकुली? ते तर माझं गाव! मीच कधीतरी त्याला बोलता बोलता सांगितलं होतं. तिथल्या पोस्टात एकच फोन, आणि पोस्टमास्तर माझे बाबा. अमरावतीला थांबायला सांगून मी भातकुली जोडली.

"बाबा, तिथं गुरायचे डॉक्टर आले काय?"

"हावो! समोरच चहा पिऊन राहिले. तुले मांगनी घालाले आले. मले त पसंत हाय पोरगा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "द्या त्यायले फोन!"

"विमल... बाबाले इचारलं मी—"

"अन् मले? मले कोन इचारनार? न सांगता निघालेच कसे?"

"भेव वाटलं. तू नाई म्हनली असती त..."

"त तोंडावर म्हनली असती! आता इचारा."

"बाबा समोर हायेत..."

"असू द्या!"

माझे डोळे भरून आले होते, आणि तरीही मी संतापलेलीच होते.

"विमल... माह्यासंग लगन करशीन?"

"करीन! अन् जन्मभर रागावीन. आता अमरावती देते, ढोरायचं आधी बोला."

ऑफिसचं बोलणं आटोपलं. मी प्लग काढणार, तोच तो घाईघाईनं म्हणाला, "थांब... भातकुली सोडून राहिलो."

"कुठं चालले?"

"तुह्याकडं. अकोल्याले."

त्या दिवशी पुढं कुणाला कळवायचं नव्हतं. केस सारखे केले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.