देवीच्या पायांना घाम

"सरक ना पोल्टू! तुझ्या डोक्यामागून मला सिंहसुद्धा दिसत नाहीये!" कुहू वैतागली.

"मोठं आहे, कारण आत मेंदू आहे!" तिचा मामेभाऊ ऐटीत म्हणाला. कुहूच्या धाकट्या बहिणीने, मौरीने, दोघांनाही चिमटा काढला.

अष्टमीची पुष्पांजली संपली, तरी शिमूलडांगा गावाच्या देवळातली गर्दी हलेना. कारणही तसंच होतं. दुर्गामातेचे पाय ओले झाले होते!

"घाम आलाय!" म्हाताऱ्या खेंतीआत्यांनी हात जोडले. "कैलासाहून माहेरी चालत आलीय लेक. दमणारच!"

मंडळाचे चिटणीस निताईकाका तर आनंदाने फुलून गेले होते. "चमत्कार! चमत्कार! रांगेने या!"

कुहूला मात्र ते पटेना. ही मूर्ती तिच्या आजोबांनी, दादूंनी घडवलेली. पेंढ्यावर थापलेली कच्ची माती पाण्याने कशी विरघळते, हे ती दर सुट्टीत आजोळी पाहत आली होती. नमस्कार करताना तिने देवीच्या पायावरून बोट फिरवलं आणि हळूच जिभेला लावलं.

"शी! काय चाटतेस?" पोल्टू किंचाळला.

"घाम खारट असतो. हे पाणी साधं आहे! आणि किती गार! आणि हे बघ, बोटाला लाकडाचा भुसा लागलाय."

तिघं धावत निताईकाकांकडे गेली. "काका, माती भिजतेय! मूर्ती कलेल!"

"गप गं! चार बुकं शिकलीस म्हणून देवीत खोट काढतेस? आणि पडद्यामागे कुणी जायचं नाही, सांगून ठेवतो!"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. पडद्यामागे? तिकडे जाण्याचं नाव तरी कुणी काढलं होतं?

पोल्टूने बाबांचा मोबाइल काढला. "काका, गर्दीसोबत तुमचा फोटो हवाच! जरा मागे... अजून मागे... धोतर दिसत नाहीये, अजून थोडं!"

काका थेट वडाच्या पारापर्यंत पोहोचले. तेवढ्यात मुली पडद्याआड शिरल्या.

तिथे मूर्तीच्या चौकटीला टेकून बर्फाच्या चार लाद्या उभ्या होत्या! गोणपाट, त्यावर भुसा आणि खाली पाण्याचं तळं. देवीच्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बोटभर रुंद भेग गेली होती.

"मौरी, दादूंना आण! पळ!"

दादू गुडघेदुखी विसरून आले. त्यांनी भेगेवरून तळवा फिरवला. मग ओरडले, "दोन बांबू आणा! मूर्तीला आधी टेकू द्या, मग बर्फ हलवा!"

ढोल वाजवणारे ढोल टाकून धावले. पारावरून धावत आलेले निताईकाका घामाघूम झाले. "मेहुण्याच्या सरबताच्या गाडीचा बर्फ... इथे सावली होती, म्हणून..."

"म्हणजे माझ्या लेकीच्या पाठीला बर्फ लावलास होय रे मेल्या!" खेंतीआत्या कडाडल्या. देऊळभर हशा पिकला.

"पण अष्टमी संपतानाच्या संधिपूजेला तीनच तास उरलेत!" पुरोहित चिंतेत पडले. "तोवर हे वाळणार कसं?"

"हेअर ड्रायर!" कुहू म्हणाली. "घरोघरी आहेत ना!"

दहा मिनिटांत सहा ड्रायर आले. एक तर खुद्द निताईकाकांच्या बायकोने आणला, नवऱ्याकडे डोळे वटारत! दादू भेगेत चिंध्या आणि माती भरत गेले, बायका आळीपाळीने वारा घालत राहिल्या. पाय कोरडे झाले. वेळेवर एकशे आठ दिवे लागले, ढोल दणाणले आणि देवी ताठ उभी होती.

पूजेनंतर निताईकाका मुलांपुढे आले. "चुकलो रे बाबांनो. तुम्ही होतात म्हणून आज लाज राखली गेली."

दादू मात्र कुहूकडे वळले. त्यांनी रंगाची वाटी आणि बारीक कुंचला तिच्या हातात दिला. "सिंहाच्या पंजाचा रंग गेलाय. पुरोहितांना विचारलंय. नखं तू रंगव."

"मी?" कुहू दचकली. "दादू, माझा हात थरथरतोय!"

"चाळीस वर्षं झाली," दादू हसले, "माझाही थरथरतो. रंगव."