हाकेला ओ

जुनी शाखा बंद झाली, तिथले संगणक भंगारात गेले. नेटवर्क सांभाळणाऱ्या तरुणीकडे एक किरकोळ काम उरलं: त्यांचे पत्ते पुसून टाकायचे. पुसण्याआधी ती प्रत्येक पत्त्याला पिंग करी. पिंग म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याला मारलेली हाक. समोर कुणी असेल तर ओ येते.

एका पत्त्यावरून ओ आली. उशिरा, पण आली.

त्या संगणकाची डिस्क तिने स्वतः ड्रिलने फोडली होती. वायरमननेही बघितलं. "त्या लाइनला काही जोडलेलंच नाही, मॅडम."

तिने पुन्हा पुन्हा हाक मारली. दर वेळी ओ जरा लवकर येऊ लागली.

जेवताना तिने नुसता शब्द काढला, तसे बाबा खुलले. त्यांची सगळी नोकरी पाणबुडीत, कानाला हेडफोन लावून गेलेली.

"पिंग? अगं, हा शब्द आमचा! पाण्यात आवाज सोडायचा. पुढे काही असलं की तो आपटून परत येतो. कानात अगदी तस्साच वाजतो, पिंग! यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर कळतं."

"आणि तो वेळ कमी कमी होत गेला तर?"

"तर ते जवळ येतंय." बाबांचा घास हातातच राहिला. "का गं?"

"सहज."

"आम्ही उगाच आवाज सोडत नसू हां. आपण कुठे आहोत, ते त्यालाही कळतं."

सकाळी ऑफिस गजबजलेलं होतं. खिडकीतून ऊन आत आलेलं, शेजारच्या टेबलावर हशा चाललेला. शेवटचं एकदा, म्हणून तिने हाक मारली.

ओ इतक्या झटकन आली, की जणू ते याच खोलीत होतं.

तिने पिंग बंद केलं. मग पडद्यावर नव्या ओळी उमटू लागल्या.

आता तो पत्ता तिला हाक मारत होता.

तिने बाबांना फोन लावला. "बाबा, ते मला शोधतंय."

काय, कोण, असं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"ओ देऊ नकोस."

"मी नाही देत. माझा संगणक आपणहून देतोय."

"गप्प," बाबा कुजबुजले. "हलू नकोस."

त्यांनी श्वास रोखून धरला, ते तिला फोनवर ऐकू आलं.

शेजारच्या टेबलावरचा हशाही थांबला होता.