घोडा बदलेपर्यंत

“बाप कुठंय तुझा?” खोगिराचा पट्टा सोडवत त्यानं विचारलं.

“पाय मोडून घरी पडलाय. घोडा दे लवकर!”

जिझोरच्या घोडे बदलायच्या ठाण्यावर मी पहिल्यांदाच आले होते. दिएपच्या बंदरातून ओल्या शेवाळात गुंडाळलेले बांगडे घेऊन निघायचं आणि वाटेत घोडे बदलत दुसऱ्या सकाळी पॅरिसचा बाजार गाठायचा, हा आमच्या घरचा तीन पिढ्यांचा धंदा. पोरीला झेपायचं नाही, असं अख्खं बंदर म्हणत होतं. हा घोडेवाला, रेनो, तर हसतच होता.

“रस्सा गरम आहे. बस की घटकाभर.”

“मी बसेन रे... मासळी नाही बसायची.”

मग दर आठवड्याला तो भेटायचा. तेवढ्यापुरताच — टोपल्या एका घोड्यावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत. दोर आवळताना बोटांना बोटं लागायची. एकच गाठ तो दोनदा बांधायचा.

“हात मंदावले वाटतं तुझे?”

“तू आलीस की मंदावतात, एमलीन.”

उपासाच्या दिवसांत, मांस वर्ज्य म्हणून मासळीला सगळ्यात जास्त मागणी असताना, एकदा ठाणं रिकामं दिसलं. कुणा सरदाराची माणसं सगळे घोडे घेऊन गेली होती. माझा घोडा फेसाळला होता. माल नासला तर बाजारात तो नदीत फेकतात... आणि घराण्याचं नाव त्याच्यामागून जातं.

रेनो आत गेला आणि स्वतःची करडी घोडी घेऊन आला.

“ही माझ्याशिवाय पाऊल उचलत नाही.”

“मग चल की!”

भुरभुर पावसात, चिखल तुडवत, आम्ही तिच्यासोबत धावलो.

सकाळी बाजारात तपासनिसानं बांगड्याचे कल्ले उचलले. लालभडक! तो रेनोकडे वळला. “झकास! माल तुझा का रे?”

“छे! मी नुसता घोडीवाला.” चिखलानं माखलेला रेनो ताठ उभा राहिला. “माल दिएपच्या एमलीनचा.”

बापाचं नाव नाही, आजोबांचं नाही... माझं!

“रेनो, लग्न करशील माझ्याशी?”

तपासनीस मासळी हातात धरून बघतच राहिला.

“अगं... मी वाटेत विचारणारच होतो!”

“मग विचारलं का नाहीस?”

“तू सारखी पुढं! धाप लागली होती मला.”

“आता लागलीय?”

“नाही.”

“मग बोल.”

“हो... हो म्हणतोय ना!”

भर बाजारात, खवल्यांनी चमकणाऱ्या हातानं मी त्याचा हात धरला.