मुली पाठवण्याआधी

"मंजुनाथ यांचा कडक भाकरीचा कारखाना हाच का?"

सिद्धेश्वरीनं विचारलं, तेव्हा ओट्यावर ज्वारी पाखडत बसलेल्या बाईंनी आधी तिच्या चपलांकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या पर्सकडे, मग चेहऱ्याकडे… आणि नजर तिथंच थांबली. सूप खाली गेलं. पदर डोक्यावर आला.

"व्हय की, हाच. या, आत या. उन्हात कशाला उबं ऱ्हायलाय?"

जानेवारीचं कोवळं ऊन होतं. मंगळवेढ्याच्या त्या टोकाला घरं संपत आणि डोक्याइतकी उंच ज्वारी सुरू होई. घराच्या मागून भाजलेल्या पिठाचा खमंग वास येत होता. सकाळपासून एसटीत हेलकावे खाल्लेल्या सिद्धेश्वरीला त्या वासानंच भूक लागली. तिच्यासोबत ऑफिसातले शिपाई निंगप्पामामा होते. निवृत्तीला आलेला माणूस, पण चहाच्या आशेनं कुठंही यायला तयार.

सिद्धेश्वरी सोलापूरच्या एका कॉलेजात प्लेसमेंटचं काम बघायची. शेवटच्या सत्रात मुलामुलींना इंटर्नशिप मिळवून द्यायची, आणि पुढं जमलं तर नोकरी. मुलं कुठंही खपत. मुलींचं नाव काढलं की जवळपासचे मालक म्हणत, "नको मॅडम, जबाबदारी नको." यंदा अन्नतंत्रज्ञानाच्या चार मुली अशाच राहिल्या होत्या. इंटर्नशिप नाही तर पदवी नाही. अशात मंगळवेढ्याहून निरोप आला की चौघींना घेतो, वरच्या माडीवर राहायची सोयही करतो.

पण जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मुली पाठवायच्या नाहीत, हा तिचा हट्ट. त्यालाही कारण होतं. ती शिकत असताना तिला पुण्याची छान इंटर्नशिप मिळाली होती, आणि मैंदर्गीहून तिच्या वडिलांनी, अप्पांनी, एकच प्रश्न विचारला होता, "जागा कुणी बघितलीय?" कुणीच बघितली नव्हती. ती घरी बसली. आता जिल्ह्यातले सगळे अप्पा आणि आबा तिला तोच प्रश्न विचारत, आणि ती सांगू शकत होती, "मी बघितलीय." तेवढ्या दोन शब्दांवर मुली उंबऱ्याबाहेर पडत.

"आम्ही सोलापूरहून आलोय. मुलींच्या इंटर्नशिपसाठी जागा बघायची होती," तिनं सांगितलं.

"व्हय, व्हय," काशम्मा, म्हणजे मंजुनाथची आई, गालात हसली. "कळतंय की आमाला."

आता या भागातली रीत अशी, की सोयरीक जुळवण्याआधी मुलीकडची माणसं सहज आल्यासारखी येऊन घर बघून जातात. सरळ कुणी सांगत नाही. कुणी बियाणं मागायला येतं, कुणी पत्ता विचारायला. घरवाल्यांनीही विचारायचं नसतं. पाहुण्यांनी पाणी, चूल, गोठा, माणसं बघायची, चहा प्यायचा आणि जायचं. त्यामुळे सिद्धेश्वरी जितकं खरं सांगत होती, तितकी काशम्माची खात्री पटत चालली होती. मुलगी स्वतःच आली? मग काय झालं, दिवस बदललेत!

"पाण्याची सोय कशी आहे?"

"बोअर हाय. बाराई महिने पाणी."

"स्वच्छतागृह? आतून कडी आहे ना?"

"टाइल्स लावल्यात की. बघून घ्या."

सिद्धेश्वरीनं खरोखरच कडी लावून बघितली. काशम्मा खूश झाली. पोरगी चिकित्सक आहे, संसार नीट करेल.

"घरात पुरुष माणसं किती?"

"एकलाच. माजा लेक."

"स्वभावानं कसे आहेत? राग वगैरे? काही व्यसन?"

"सुपारीचं खांड खात न्हाय!" काशम्मानं छातीवर हात ठेवला. मग निंगप्पामामांकडे वळून हळूच म्हणाली, "हुडगी छलो अदाळ." मामा मैंदर्गीकडचेच. पोरगी चांगली आहे, हे त्यांना कन्नडमध्ये ऐकून कोण आनंद झाला. "लई गुणाची," ते म्हणाले, आणि आगीत तेल ओतून मोकळे झाले.

तेवढ्यात मागच्या दारातून तो आला. भुवयांवर पीठ, बाह्या दुमडलेल्या, हातात अजून गरम असलेली भाकरी.

"आई, ही जरा जाड…" वाक्य तिथंच राहिलं.

"आरं, सदरा तर बदलून ये की!" काशम्मा डोळ्यांनी खुणा करू लागली. मंजुनाथनं समोरच्या मुलीकडे पाहिलं, मग आईनं काढलेल्या चांदीच्या वाटीतल्या शिऱ्याकडे. कॉलेजचं कुणीतरी येणार हे त्याला ठाऊक होतं. शिरा कुणासाठी होतो, हेही ठाऊक होतं. गैरसमज त्याच्या ध्यानात आला. सांगायला हवं होतं… सांगवेना.

त्यानं तिला कारखाना दाखवला. एका रांगेत बसून बायका तळहातावर भाकरी थापत होत्या. पातळ, चंद्रासारख्या गोल भाकऱ्या भट्टीशेजारी कडक होत होत्या. सिद्धेश्वरीनं पंखा तपासला, खिडक्या मोजल्यासारख्या बघितल्या, बायकांशी बोलली.

"मालक रागावतात का?" तिनं त्यालाच विचारलं.

"मशीनवर. माणसांवर नाही."

"हे खरं कशावरून मानायचं?"

"अधूनमधून येऊन बघत जा," तो म्हणाला. मग आपण फारच बोललो असं वाटून त्यानं भुवयांवरचं पीठ पुसलं, आणि ते सगळं गालांवर आलं. तिला हसू आवरेना.

निघताना काशम्मानं तिची ओटी भरली. खण, नारळ, मूठभर ज्वारी. ओटीला नाही म्हणायचं नसतं, म्हणून पदर नव्हता तरी तिनं ओढणी पसरली. आणि काशम्मा मामांना म्हणाली, "आमच्याकडनं व्हय समजा. मुलीच्या वडलांना सांगा, आमाला पसंत हाय."

सिद्धेश्वरीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. फाटकापर्यंत सोडायला आलेल्या मंजुनाथकडे ती गर्रकन वळली.

"तुम्हाला माहीत होतं!"

"शिरा आला तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तुमचा शिरा तर संपू द्यावा…" मंजुनाथ चाचरला. "खरं सांगू? मला कुणी असं उलटसुलट तपासून बघितलं नव्हतं. बरं वाटत होतं."

तिला राग यायला हवा होता. आला, पण अर्धाच. "ऐका. चार बापांनी माझ्या शब्दावर मुली सोडायच्या आहेत. मी माझ्या सोयीनं जागा निवडली असा नुसता वास जरी आला, तरी पुढं एकही मुलगी कुणी सोडणार नाही. आईंना नीट सांगा. हे इथंच संपलं पाहिजे. चालेल?"

"चालेल," तो म्हणाला. तिचा हट्ट त्याला पटला होता, हीच तर पंचाईत होती.

"घर मात्र चांगलं होतं," एसटीत निंगप्पामामा खिडकीला सांगावं तसं म्हणाले. सिद्धेश्वरीनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

मुली गेल्या. दर शनिवारी संध्याकाळी मालकानं फोनवर खबर द्यायची, असं ठरलं.

"प्रियदर्शनीनं काल भट्टी जास्त तापवली. सगळा घाणा करपला," एका शनिवारी तो म्हणाला.

"रागावलात?"

"भट्टीवर रागावलो. आज तिनंच तापमान ठरवून दिलंय. प्रवासात भाकरी मोडू नये म्हणून चौघी नवीन खोकं बनवताहेत. माझी आई त्यांना पोळ्यांवर तूप इतकं वाढते, की मला उरत नाही."

"बाकी?"

"बाकी हवा बरी आहे. मालक जरा बेचैन असतात."

"मालकांची खबर मी विचारलेली नाही."

"विचारली नाहीत, म्हणूनच तर…"

ती फोन ठेवायची. शुक्रवार पेठेत ती आत्याकडे राहायची. एका शनिवारी आत्यानं दारातून पाहिलं आणि कमरेवर हात ठेवला. "काय गं, फोनवर बोलायला केस विंचरतेस होय?"

सिद्धेश्वरीनं कंगवा लपवला. पण स्वतःपासून काय लपवणार? तो मुलींबद्दल आदरानं बोलायचा. चूक झाली तर स्वतः सांगायचा. मध्ये ती एकदा पाहणीला गेली, तर मुलींचं टेबल उजेडाच्या खिडकीशी हलवलेलं आणि तो स्वतः कोपऱ्यातल्या अंधारात. तिला तो आवडत होता. रात्री अंथरुणावर पडल्यावर, सकाळी बसमध्ये, कॉलेजच्या पायऱ्या चढताना… आवडतच होता. आणि मुलींची इंटर्नशिप संपेपर्यंत, अजून महिनाभर तरी, तिला तसं म्हणायची सोय नव्हती.

एप्रिल लागला. सोलापूर तव्यासारखं तापलं. अशा एका दुपारी लाल पटका बांधलेले बिरुदेव आबा तिच्या टेबलासमोर येऊन बसले. प्रियदर्शनीचे वडील. मेंढरं राखणारा माणूस, खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.

"मॅडम, राग धरू नगा. बाजारात आयकलं. त्या कारखानदाराशी तुमचं जमलंय म्हनत्यात. त्याच्या आईनं तुमची वटी भरली, असं." त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "म्हंजी आमच्या पोरी तितं तुमच्या सोयीसाटी गेल्या व्हय? तसं असंल, तर मी पोरीला आजच घिऊन जातू."

प्रियदर्शनी निघाली, की बाकीच्या तिघींचे बापही पोचणार. चौघींचं वर्ष जाणार. 'मी बघितलीय' या शब्दांना पुढं कुणी कवडीची किंमत देणार नाही. तसं, उत्तर ओठांवर होतं. 'लोक काहीही बोलतात, आबा. तसं काही नाही.' एवढं म्हटलं, की सगळं वाचत होतं.

ती घोटभर पाणी प्यायली.

"जागा बघायला गेले, तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. मी त्यांना ओळखतही नव्हते. ओटी भरली ती त्यांच्या आईच्या गैरसमजातून. स्वच्छतागृहाची कडीसुद्धा मी तुमच्या मुलीसाठी लावून बघितली होती." तिनं पेला खाली ठेवला. "तेव्हा नव्हतं, आबा. पण आता… आता आहे. मला ते आवडतात. त्यांना मी हे सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला सांगतेय, कारण मुलगी तुमची आहे. तिचे मार्क दुसरे सर देतील, मी हात लावणार नाही. आता न्यायचं की ठेवायचं, तुम्ही ठरवा."

आबांनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. मग खिशातून फोन काढला, लेकीला लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"पिरे, बाजारात आयकलं ते मॅडमना इचारलं. खरंच हाय म्हनत्यात. आवडतू म्हनत्यात त्यो तुजा मालक."

पलीकडे एक किंकाळी. मग चार मुलींचा एकच कालवा.

"आबा, मॅडम असं म्हनल्या? सोताच्या तोंडानं? आवं, आमी चौघी जानेवारीपासनं वाट बघतूय! सर तर…" आवाज एकदम खाली आला. "सर हितंच उबं हायत."

"त्ये ऱ्हाऊ दे. तू खुशीत हायस का तितं?"

"लई. मला हितंच नोकरी देनार हायत. मला न्यायला येऊ नगा, आबा."

बिरुदेव आबांनी पटका उचलला आणि उभे राहिले. "खोटं बोलला असता, तर नेली असती पोरगी. कपाळावर दिसतं मान्साच्या. तुमचा शबूद खरा हाय, मॅडम. ऱ्हाऊ द्या तिला तितं. पुढल्या साली धाकटीला बी तुमीच जागा बघा." दाराशी जाऊन ते वळले. "मी भाईर निंगप्पाबरूबर तंबाखू मळतू. फोन असू द्या हितंच. तुमी बोला."

सिद्धेश्वरीचे डोळे भरून आले. दोन्ही हातांनी तिनं टेबलाची कड धरली होती. फोनमधून मुलींचा कालवा दूर गेला, एक दार लागलं.

"मॅडम…"

"किती ऐकलंत?"

"सगळं. पण ते आबांच्या तोंडून होतं." मंजुनाथचा आवाज घोगरा झाला होता. "तुमच्या तोंडून…"

"कठीण आहे."

"आबांना तर सांगितलंत!"

"आबांची भीती वाटत नव्हती," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली. मग श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता, मंजुनाथ. मुलींचं सगळं पूर्ण होईपर्यंत मी तिकडे फिरकणार नाही. फोनही करणार नाही. कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही मला."

"आणि नंतर?"

"नंतर मला तुमच्याशी रोज बोलायचंय. काही काम नसताना."

तिनं स्पीकर बंद करून फोन कानाशी धरला.

"थांबतो," तो म्हणाला. "आता 'मॅडम' नाही म्हणणार. सिद्धेश्वरी… मी थांबतो."

फोन बंद झाला. तो आबांना परत द्यायचा होता, पण उठून दारापर्यंत जायला तिला थोडा वेळ लागला.